आधी कान, मग जीभ

नमस्कार. इंग्रजी उच्चार स्वतःच्या स्वतः शिकायला निघालेल्या माणसाला आज साधनांची वानवा नाही. हव्या त्या देशाचा शिक्षक, ओठांचं जवळून केलेलं चित्रण, सगळं फुकट पाहायला मिळतं. तरीही महिनोन्‌महिने व्हिडिओ पाहून बोलणं होतं तसंच राहिलं, असं सांगणारी माणसं मला सारखी भेटतात. याचं कारण माझ्या मते एकच: आपण जिभेपासून सुरुवात करतो, आणि ती करायला हवी कानापासून.

लहानपणीच आपला कान मातृभाषेच्या ध्वनींना सरावतो. पुढे परका ध्वनी आला की तो त्याला ओळखीच्याच एखाद्या ध्वनीत जमा करून टाकतो. इंग्रजीतले ‘व्हेस्ट’ (vest) आणि ‘वेस्ट’ (west) हे दोन शब्द घ्या. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना ते साफ वेगळे ऐकू येतात. आपल्याला दोन्हीकडे आपला ‘व’च ऐकू येतो. जो फरक कानाला कळत नाही, तो तोंडातून येणार कसा?

जपानी भाषेत ‘र’ आणि ‘ल’ असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी १९९१ साली जपानी माणसांना इंग्रजीतला हा फरक ओळखायला शिकवलं. त्यांनी शब्द एकाच्या नव्हे, अनेक माणसांच्या आवाजात ऐकवले आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की एकाच आवाजावर शिकलेल्यांना नवा आवाज आला की तोच फरक ओळखणं जड जातं. आणि १९९७ साली जे दिसलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: बोलण्याचा सराव अजिबात न देता, केवळ ऐकण्याच्या सरावानं या लोकांचे उच्चारही सुधारले.

म्हणून एकाच आवडत्या शिक्षकाला चिकटून राहू नका. एक जोडी घ्या, ‘शिप’ आणि ‘शीप’ समजा. ती पाच-सहा जणांच्या तोंडून ऐका. पडद्याकडे न पाहता कोणता शब्द आला ते लिहा, मग ताडून बघा. हे कंटाळवाणं आहे, मला कल्पना आहे. पण तासभर व्हिडिओ नुसते पाहण्यापेक्षा दहा मिनिटं असं ऐकणं कितीतरी कामाचं.

आता तोंडाकडे येऊ. व्हिडिओचा खरा उपयोग जे डोळ्यांना दिसतं तिथे होतो. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि हवा घासत बाहेर येते. ‘वेस्ट’ला दातांचा संबंधच नाही, ओठ गोल होतात. हे बघून आरशासमोर लगेच जमतं. ‘थिन’मधल्या ध्वनीची कसोटी वेगळी: तो लांबवता येतो का ते पाहा. आपला ‘थ’ लांबवता येत नाही, कारण त्यात हवा आधी अडते आणि मग सुटते. इंग्रजी ध्वनीत ती अडतच नाही, दात आणि जिभेच्या टोकामधून वाहत राहते. ‘पिन’ म्हणताना ओठांसमोर कागदाचा कपटा धरा, तो हलायला हवा. हलला नाही, तर समोरच्याला ‘बिन’ ऐकू येण्याची शक्यता असते. ‘स्पिन’ म्हणताना मात्र तो जवळजवळ हलत नाही.

पण मराठी माणसाचं इंग्रजी समोरच्याला कळत नाही ते अनेकदा या ध्वनींमुळे नव्हे, आघातामुळे, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो त्यामुळे. मराठीत आपण शब्दातल्या बहुतेक अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तिथे पहिला ‘फो’ विरून नुसता ‘फ’ उरतो, ऐकू येतं ते साधारण ‘फटॉग्रफर’. हा विरलेला स्वर इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. म्हणजे ध्वनी आपल्याकडे आहे; स्पेलिंगमध्ये ‘ओ’ किंवा ‘ए’ दिसतो म्हणून आपण तो वापरत नाही. याच कारणासाठी मी सांगेन, की पहिल्या दोन-तीन वेळा उपशीर्षकं बंद ठेवा. अक्षरं दिसली की कान काम सोडून देतो.

सरावासाठी दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुरे. वेग पाऊणपट करून तो ऐका, जोर कुठे आहे ते खुणेनं मांडा. नक्कल मात्र मूळ वेगातच करा. संथ वेगात शब्दांमधले जोड ताणले जातात आणि लय हरवते. मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ तुकड्याच्या लगोलग ऐका. व्हिडिओ तुम्हाला ऐकू शकत नाही, ती उणीव इथे भरून निघते. एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त आघात, उद्या फक्त ‘व’.

ब्रिटिश की अमेरिकन, हा प्रश्न येणारच. ऐका दोन्ही, पण नक्कल काही काळ एकाचीच करा. ‘कार’मधला शेवटचा ‘र’ बहुतेक अमेरिकन लोक उच्चारतात, प्रमाण ब्रिटिश उच्चारात तो नसतो. एकाच वाक्यात दोन्ही आले तर ऐकणारा अडखळू शकतो. मराठी वळण राहिलं, तर त्याची लाज बाळगू नका. मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं, की परकी लकब ठळक असलेलं बोलणंही ऐकणाऱ्याला पूर्ण समजलेलं असू शकतं. आपलं बोलणं कितपत समजतं ते पाहायला फोनमधली बोलून टाइप करण्याची सोय वापरता येईल. फक्त तिला अख्खं वाक्य देऊ नका, कारण संदर्भावरून ती चूक सावरून घेते. ‘शिप’, ‘शीप’, ‘व्हेस्ट’, ‘वेस्ट’ असे सुटे शब्द उलटसुलट क्रमानं म्हणा आणि काय उमटतं ते बघा.