नळाने पाय धुतले नाहीत

नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'ताणतणावाचे व्यवस्थापन' असा लिहिलाय. मी कळवलेला विषय होता 'पोकरसाठी मनाची बैठक : चार सूत्रे'. वाचनालयाच्या फळ्यावर 'पोकर' लिहायला चिटणीसांचा खडू धजावला नसावा. पहिल्या रांगेत रक्तदाब उतरेल या आशेने बसलेल्या मंडळींची आधीच माफी मागतो. उतरायची खात्री नाही, चढू मात्र शकतो.

एक जुनं दुखणं आधी सांगून टाकतो. गणपतीत रात्रभर तीन पत्ती कुटली की ते जागरण. मी महिनाभर वहीत आकडेमोड करून गोव्याला गेलो की जुगारी. आमच्या सोसायटीत मला बघून लोक मुलांना घरात बोलावतात. बँकेच्या तपासणी विभागात तीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्या, तेव्हा कुणी एवढं घाबरलं नव्हतं. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, मोबाइलवरचा पैशाचा खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला. राहिला गोवा. मी तिथे कॅसिनोत खेळतो, पावती घेऊन खेळतो. असो.

पोकर कसं खेळतात ते सांगत बसत नाही. हातात दोन पानं, पटावर पाच उघडी, सातांतली उत्तम पाच तुमची, एवढं पुरे. बाहेरच्यांना वाटतं खेळ सगळा ब्लफचा आहे, काळा चष्मा घालायचा आणि दगडासारखं बसायचं. खोटं आहे. पोकर हा मुख्यतः कंटाळ्याचा खेळ आहे. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे आठ-नऊ तास बसा, तेव्हा एकदा दर्शन. आपल्याकडे पांडुरंगाची रांग लवकर सरकते! चांगला खेळाडू शंभरातले पंच्याहत्तर-ऐंशी डाव पानं बघून टाकून देतो. माणसाचं जे काही बिघडतं ते या टाकण्याच्या वेळात बिघडतं.

आता माझी गोष्ट. आमची ही इथेच बसलीय, त्यामुळे आकडे सोडून सगळं खरं सांगतो.

मांडवीतली कॅसिनोची बोट. रात्रभर बसने हादरे खात पणजीला पोचलो होतो, झोप नाही, दुपारचं जेवण चुकलेलं. ही म्हणाली, आज राहू दे, उद्या जा. मी म्हणालो, फक्त तासभर. रात्री अकराला हातात आले एक्के. दोन्ही काळे. समोर एक पोरगा, कानात हेडफोन, मांडीवर वेफर्सची पुडी. त्याने पैज वाढवली, मी वाढवली, त्याने पुन्हा वाढवली, आणि आम्ही दोघांनी सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, मध्ये ढकलल्या. त्याच्याकडे बादशहाची जोडी. अशा सामन्यात एक्केवाला शंभरात ब्याऐंशी वेळा जिंकतो. पहिली तीन पानं फालतू. चौथं फालतू. राहिलेल्या चव्वेचाळीस पानांत त्याला तारणारी फक्त दोन, उरलेले दोन बादशहा. बाविसात एक. डीलरने पान उलटलं : बदामचा बादशहा. पोरगा वेफर चावत म्हणाला, "सॉरी अंकल."

(चिठ्ठी आली आहे. 'विषयावर यावे.' अहो, हाच विषय आहे.)

इथपर्यंत माझी काहीही चूक नाही. असा डाव पाच-सहा वेळांत एकदा हरायचाच. तपासणीला आलो असतो तर मीच 'नियमाप्रमाणे' असा शेरा मारला असता. पुढचे साडेपाच तास मात्र शंभर टक्के माझे. मी पुन्हा चिप्स घेतल्या, मग पुन्हा घेतल्या. चौकटची राणी आणि चौकटची पंजी असली भिकार पानं घेऊन मी त्या पोराला भिडत होतो. मला पैसे नको होते, मला ती वेफर्सची पुडी हवी होती! पोकरवाले याला 'टिल्ट' म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरचा. यंत्र रागाने हलवलं की 'टिल्ट'चा दिवा लागायचा आणि खेळ जाम व्हायचा. माणसाला तो दिवा बसवलेला नाही, एवढीच अडचण.

आणि हे आपल्याला परकं थोडंच आहे? सभापर्वात बघा. धन गेलं, राज्य गेलं, मग नकुल लावला, मग सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतःला, मग द्रौपदीला. आपण शकुनीला शिव्या देऊन मोकळे होतो. पण शकुनीचे फासे बाजूला ठेवा. द्रौपदीमुळे सगळं परत मिळालं, रथ घराकडे निघाले, वाटेत निरोप गेला की पुन्हा एक डाव खेळू, आणि धर्मराज परत आला! त्याला अनुद्यूत म्हणतात. मी त्याला 'दुसऱ्यांदा चिप्स घेणे' म्हणतो.

पण आमचा खरा गुरू महाभारतातल्या गोष्टीतला नळराजा. आजचं व्याख्यान मी याच्यासाठीच मागून घेतलं. कली बारा वर्षं टपून बसला होता, नळाच्या अंगात शिरायला फट मिळेना. एके दिवशी नळ लघवीला जाऊन आला, पाय न धुता संध्येला बसला, आणि कली आत. मग पुष्कराशी, म्हणजे भावाशीच द्यूत, आणि सत्यानाश. लहानपणी आजीने ही गोष्ट स्वच्छतेसाठी सांगितली होती. मला आता वाटतं, यात पोकर बसलंय. नळ पटावर नाही हरला, पटावर बसायच्या आधी हरला. माझे पाय बसमध्येच राहिले होते धुवायचे.

आणि कली निघाला कधी? नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी असताना. राजाने धावत्या रथातून बेहड्याचं झाड बघून सांगितलं की दोन फांद्यांवर दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत. नळाने रथ थांबवला आणि मोजून बघितली. बरोबर! मग राजाने त्याला अक्षहृदय दिलं, फाशांची विद्या, आणि त्याच क्षणी कली अंगातून बाहेर पडला. मोजता आलं आणि भूत उतरलं. जुन्या काळी फासेही बेहड्याच्या बियांचेच असायचे, हा योगायोग नसावा. हीच कथा बृहदश्व ऋषींनी वनात धर्मराजाला ऐकवली आणि विद्याही दिली, म्हणून तो विराटाकडे कंक होऊन निवांत फासे टाकू शकला.

आता 'पाच मिनिटे' अशी चिठ्ठी आलीय आणि चारही सूत्रं शिल्लक आहेत. भराभर घ्या.

एक, पाय धुणे. झोप, जेवण, आणि किती गेले की उठायचं तो आकडा घरी कागदावर लिहायचा. टेबलावर बसून ठरवलेला आकडा वाढतोच. घरखर्चातला पैसा बोटीवर चढवायचा नाही.

दोन, पानं टाकली की काम सुरू. फोन पिशवीत. समोरच्या दोघांकडे काय असेल ते मनात म्हणायचं, डाव संपल्यावर पडताळायचं. बेहडे मोजणं ते हेच.

तीन, सोपा निर्णय असो की अवघड, तेवढाच वेळ घ्यायचा. मी चार श्वास मोजतो. राग आला की तिसऱ्यालाच हात चिप्सकडे जातो, तेव्हा कळतं.

चार, वही. निकाल लिहायचा नाही, निर्णय लिहायचा. एक्क्यांचा तो डाव माझ्या वहीत 'योग्य' म्हणून आहे, चौकटच्या राणीसमोर जे लिहिलंय ते इथे वाचत नाही. स्टू अंगर नावाचा अमेरिकन खेळाडू लास वेगासची पोकरची जागतिक स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ मध्ये जिंकला. पानं लक्षात ठेवण्यात त्याला तोड नव्हती. टेबलावरून उठला की घोड्यांवर आणि नशेत घालवायचा. १९९८ साली एका मोटेलात मेला, वय ४५. चारांतलं पहिलं सूत्र राहिलं.

आणि नळ? तो परत आला, पुष्कराशी एकच डाव लावला, जिंकला, भावाला त्याचा वाटा देऊन घरी पाठवलं. दुसरा डाव मांडला नाही.

प्रश्न? हो, मागचे काका. "त्या रात्री एकूण किती गेले?"

ही समोर बसलीय हो. तुम्ही चहाला थांबा, खांबाआड सांगतो.