"छान वाटलं, मॅडम"

श्रोतेहो, नमस्कार.

बी.एड.च्या सराव पाठाला मागच्या बाकावर कोण बसलेलं असतं, हे बी.एड. झालेल्यांना सांगायला नको. मार्गदर्शक प्राध्यापक, आणि त्यांच्या हातात पाठनिरीक्षणाची वही! फळ्यावर घटकाचं नाव लिहिताना छात्राध्यापिकेचा हात थरथरतो. पाठाचं टाचण रात्री जागून तोंडपाठ केलेलं, तरी पहिलाच प्रश्न विचारताना जीभ अडखळते. पाठ संपल्यावर मॅडम विचारतात, "कसं वाटलं?" उत्तर ठरलेलं: "छान वाटलं, मॅडम."

या मुलीला खोटारडी म्हणू नका. चारचौघांत शोभेल तेच बोलण्याकडे आपल्या सगळ्यांचाच कल असतो. मानसशास्त्र त्याला सामाजिक इष्टता म्हणतं. तो कल मोजण्यासाठी डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली ३३ विधानांची चाचणी मांडली. 'मला कधी कुणाचा तिटकारा आलेला नाही' अशा धर्तीची विधानं, आणि उत्तर फक्त बरोबर किंवा चूक. आता सांगा, असा माणूस कुठे सापडेल? पण उद्या शिक्षक व्हायचंय, मग 'चूक' लिहायला मन धजत नाही.

पुढे डेलरॉय पॉलहस यांनी यातले दोन पदर वेगळे केले: लोकांसमोर छाप पाडणं आणि स्वतःचीच समजूत घालणं. मला या दुसऱ्या पदराची जास्त काळजी वाटते. शिक्षकानं चिडायचं नाही, थकायचं नाही, हे इतकं कानांवर पडतं की आपण थकलोय हे या छात्राध्यापकांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दुसऱ्या वर्षी १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप, असते. शाळा, टाचणं, शैक्षणिक साहित्य, वर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास आणि भरती कधी निघेल हा घोर. आणि भावनिक स्वास्थ्याची प्रश्नावली मात्र कॉलेजच्याच हॉलमध्ये, हजेरी क्रमांक घालून भरून घेतात! मग सगळं आलबेल दिसणारच.

प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गुण देणारा माणूस आणि ख्यालीखुशाली विचारणारा माणूस वेगळा ठेवा. प्रश्नावलीवर नाव नको, क्रमांकही नको.

आणि छात्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, कॉलेजात कुणापाशी बोलवत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं.