भडकलेला रुग्ण : इंजेक्शनच्या आधी आणि नंतर

मनोरुग्ण वॉर्डात आरडाओरडा झाला की सगळे इंजेक्शनची ट्रे आणायला धावतात. ट्रे लागेलच, पण परिचारिकेचं खरं काम इंजेक्शनच्या आधी सुरू होतं आणि नंतर कितीतरी वेळ चालतं.

रुग्ण सहसा अचानक भडकत नाही. येरझाऱ्या वाढतात, मुठी आवळल्या जातात, आवाज चढतो, जेवण किंवा गोळ्या नाकारल्या जातात. ही लक्षणं दिसताच पुढे व्हा, पण दोन हात अंतर ठेवून, थोडं तिरकं उभं राहून. दाराकडची वाट तुम्हालाही मोकळी हवी आणि त्यालाही. ओढणी, गळ्यातला स्टेथोस्कोप, खिशातली कात्री आधीच काढून ठेवा. बोलायचं एकानेच; बाकीचे स्टाफ, मामा, मावशी मागे थांबतील. वाक्यं छोटी ठेवा : "दादा, मी सिस्टर आहे. इथं बसता की व्हरांड्यात?" कानात आवाज येतात म्हणाला, तर ते खोटं ठरवू नका आणि खरंही मानू नका. "मला ते ऐकू येत नाहीत, पण तुम्ही फार घाबरलात हे दिसतंय," एवढं पुरतं.

आता सर्वात महत्त्वाचं. भडकलेला प्रत्येक माणूस मनोविकारामुळेच भडकलेला असतो असं नाही. हात लावू देताच ग्लुकोमीटरने साखर, ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन तपासा. डोक्याला मार लागलाय का बघा. नातेवाइकांना विचारा, शेवटची दारू कधी घेतली? दारू सुटल्यावर साधारण ४८ ते ७२ तासांत हात थरथरणं, घाम, नसलेले किडे-माणसं दिसणं, दिवस-वेळेचं भान सुटणं सुरू झालं, तर तो जिवावरचा आजार आहे. तिथे मुख्य औषध लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधाच्या गटातलं. नुसतं हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलं तर फिट (आकडी) येण्याचा धोका वाढतो. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) ग्लुकोजच्या आधी द्यायचं. साखर फार खाली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवू नका, दोन्ही बरोबर द्या.

डॉक्टरांच्या आदेशाने नेहमी दिलं जाणारं इंजेक्शन म्हणजे हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं औषध ५० मिलिग्रॅम, स्नायूत. ओलान्झापिनचं (हेही मनोविकारावरचं औषध) इंजेक्शन दिलं असेल तर लगेच लोराझेपामचं इंजेक्शन देऊ नये, श्वास मंदावतो. पहिला तास दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध बघायची. "झोपला, सुटलो" असं म्हणून केस पेपर मिटणं हीच नेमकी धोक्याची वेळ. मान वळून अडकली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, तर त्याला नाटक म्हणू नका. तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि योग्य इंजेक्शनने लवकर उतरतो. ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम, बदललेली शुद्ध असं एकत्र दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.

बांधावंच लागलं तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९७ स्पष्ट आहे. तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवायचं. साखळदंड तर कलम ९५ ने पूर्ण बंद केलेत. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू न शकल्याने जळून मेली. ती घटना प्रत्येक वॉर्डाला ठाऊक असायला हवी.

पालथं कधीच बांधू नका, छातीवर, मानेवर भार देऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, संवेदना तपासा. पाणी, लघवी स्वतःहून विचारा. शांत होऊ लागला की एकेक अवयव मोकळा करत जा.

नोंदीत "रुग्ण आक्रमक" एवढंच लिहू नका. काय म्हणाला, काय फेकलं, आपण आधी काय करून पाहिलं, किती वाजता बांधलं, किती वाजता सोडलं, हे लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून विचारा, कशाने राग वाढला आणि कशाने बरं वाटलं असतं. त्याचं उत्तर केस पेपरवर लिहा आणि पुढच्या ड्यूटीला हँडओव्हरमध्ये सांगा.