गाडी नेमकी कशी बंद पडली?

प्रीमियर पद्मिनी ही कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली गाडी. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा. त्यामुळे 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये सेवेतून गेली. हौशी मालकांच्या पद्मिनी मात्र आजही चालतात. त्यांची सगळ्यात छळणारी तक्रार ही, की गाडी मध्येच बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की काही दोषच दाखवत नाही.

मग बदलाबदली सुरू होते. आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला जोरदार करंट पुरवणारी कॉइल, मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं किट. पैसे जातात, गाडी पुन्हा रस्त्यात उभी. चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो, "झटके देत बंद पडली, की स्विच काढल्यासारखी एकदम?"

झटके देत, दम सोडत बंद पडली असेल, तर आधी पेट्रोलचा माग काढायचा. टाकी मागे, पेट्रोल ओढणारा पंप पुढे, तापलेल्या इंजिनलाच चिकटलेला. मे महिना, बोरघाटाचा चढ, पुढे रांगणारे ट्रक. पेट्रोलमधले हलके घटक चाळीसेक अंशांनाच उकळू लागतात. पाइपात वाफ धरते आणि पंपाला ती ओढता येत नाही. घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायची पद्धत याचसाठी. फडक्याने गाडी चालू झाली, तर संशय पक्का होतो. टाकीचं झाकणही उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं भोक बुजलंय. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुने रबरी पाइप खराब होतात, टाकीतला गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. तेही तपासायला हवं.

आता कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहा. एअर फिल्टर काढलाय, इंजिन बंद आहे. हाताने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडते. उडाली, म्हणजे पेट्रोल इथवर पोचलंय.

मग करंट. गाडी स्विच काढल्यासारखी एकदम बंद पडली असेल, तर इथूनच सुरुवात करायची. ही तपासणी गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करायची. थांबलात, की कॉइल थंड होते आणि पुरावा जातो. सांडलेलं पेट्रोल पुसून, पेट्रोलपासून लांब, जास्तीचा एक प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर बघायचा. ठिणगीच नसेल तर मीटर लावायचा. साध्या कॉइलच्या प्रायमरीला, म्हणजे बॅटरीचा करंट जाणाऱ्या गुंडाळीला, 3 ओहमच्या आसपास रोध दिसतो. गरम कॉइलवर मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतली तार तुटतेय.

सगळं ठीक दिसलं, तरी एक जागा उरते. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढल्यावर दिसणारी, पॉइंटकडे जाणारी बोटभर वायर. वरून धड दिसते, पण चिमट्याने हलकेच ओढली की प्लास्टिक ताणतं. आतल्या तारा केव्हाच तुटल्यात. हादऱ्याने टोकं टेकली की गाडी चालते, सुटली की बंद. इतक्या स्वस्त वायरपायी लोकांनी आख्खी इंजिनं उघडली आहेत, याचं फार वाईट वाटतं.

वायर बदलली की ट्रायल त्याच चढावर, भर दुपारी, इंजिन पुरतं तापल्यावरच घ्यायची.