बोटभर जागा

[अंधार. फक्त आवाज. गाडी चढ चढतेय. टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्. मग लागोपाठ दोन, टक् टक्.]

हा आवाज यवतेश्वरच्या घाटातला. साताऱ्यातून कासला निघालं की शहर संपताच हीच चढण लागते. गाडीत पाच माणसं, डिकीत जेवणाचे डबे आणि चटई. सुरुवातीची वळणं निवांत गेली. अर्धा घाट चढून झाला आणि मागच्या सीटखाली कुणीतरी हातोडी घेऊन बसल्यासारखं वाटायला लागलं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. पेट्रोल हॅचबॅक, पासिंग एमएच ११, वय वर्षं दहा. जुना सायलेन्सर गंजून गळायला लागला तेव्हा त्यानं कंपनीचा न घेता बाहेरचा स्टेनलेस स्टीलचा सेट मागवला: मधला लांब पाईप, मागचा डबा आणि शेवटची चकचकीत नळी. इंजिनाला लागून असलेला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तसाच ठेवला, हे बरं केलं. तो काढून टाकणाऱ्यांची बाजू घ्यायला मी येणार नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे आणि धुराचे नियम मोडले की पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय लायसन्सही अडकतं. त्यामुळे डबा शांत निवडला होता. गाडीचा आवाज मोठा नव्हता. ठोका मोठा होता.

[गॅरेज. गाडी खड्ड्यावर. खालून वर बघणारा कॅमेरा.]

सेट बसवला तो एका मोठ्या गॅरेजात, दोन खांबांच्या लिफ्टवर. तिथं आम्ही खाली उभं राहून बघितलं होतं. सगळीकडे मोकळी जागा. बोट घाला, फिरवा, कुठं अडत नाही. मग ठोका येतो कुठून?

आता गाडी आहे एमआयडीसीच्या बाजूच्या एका जुन्या गॅरेजात. इथं लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला खड्डा आहे. मिस्त्रींनी खाली उतरून बॅटरी मारली, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग भावाला विचारलं, "लिफ्टवर बसवलं का रं हे?" तो हो म्हणाला. "मग चाकं लोंबत होती तवा."

एवढंच. पण सगळं त्यातच आहे.

या गाडीला मागे दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी तुळई आहे, गॅरेजात तिला सरळ ॲक्सलच म्हणतात. सायलेन्सरचा पाईप पुढून येतो, कमान करून त्या ॲक्सलच्या वरून जातो आणि पलीकडे डब्याला मिळतो. लिफ्टवर गाडीची बॉडी उचललेली असते, त्यामुळे चाकं आणि ॲक्सल खाली लोंबतात. पाईप बॉडीला टांगलेला, तो वरच राहतो. दोघांमधली फट फसवी मोठी दिसते. गाडी जमिनीवर उतरली की ॲक्सल वर येतो. मागं तिघं बसले की आणखी वर. रस्त्यातल्या खड्ड्यात आदळली की त्याहून वर. गॅरेजच्या खड्ड्यावर मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, म्हणून जे दिसतं ते खरं दिसतं.

मिस्त्रींना तेवढंही पुरेसं वाटलं नाही. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची चार पोती आणली. ५० किलोचं एक. दोन मागच्या सीटवर, दोन डिकीत. गाडी मागून बसली. खाली पट्टी धरली: मोकळ्या गाडीला १४ मिलिमीटर असलेली फट आता ५ वर आली होती.

५ का असेना, फट होतीच की. आणि घाटाच्या पायथ्याशी ठोका नव्हताही. अर्ध्यावर का सुरू झाला?

[गरम पाईप. वर हवा थरथरताना दिसते.]

इथं थोडं थांबायला हवं, कारण हे लोक विसरतात. सायलेन्सर ही एका जागी बसलेली वस्तू नाही. तापला की तो लांबतो. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील एक मीटर लांबीला, एक अंश तापमान वाढलं की साधारण १७ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) वाढतं. मायक्रॉन ऐकून हसू येईल. पण इंजिनापासून ॲक्सलपर्यंत दोन मीटर पाईप धरा, घाट चढताना तो सरासरी ३०० अंशांनी तापला असं धरा, की दहा मिलिमीटर होतात. साध्या स्टीलचा पाईप तेवढ्याच तापमानाला सातच्या आसपास वाढतो. म्हणजे भावानं चांगला, न गंजणारा माल घेतला आणि त्याबरोबर तीन मिलिमीटर जास्तीची हालचाल विकत घेतली.

हा वाढलेला पाईप जाणार कुठं? पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं, मागचा भाग रबरांवर झुलतो. म्हणून बराचसा मागेच सरकतो. आणि कमानीची पुढची बाजू सरकते थेट ॲक्सलच्या दिशेनं. गार गाडी, एक ड्रायव्हर: काही नाही. गार गाडी, पाच माणसं: काही नाही. गरम गाडी, पाच माणसं आणि घाटातला एक खड्डा: टक्.

"गार गाडीवर समदंच बसतंय," मिस्त्री म्हणाले.

तिसरी हालचाल इंजिनाची. आडवं बसवलेलं इंजिन ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की मागे-पुढे डुलतं. पाईपमध्ये पुढे असलेला जाळीचा लवचीक तुकडा तो हिसका खातो. पण इंजिनाला गाडीत धरून ठेवणारं माउंटिंग मेलेलं असेल तर जाळी तरी किती खाणार? म्हणून पाईपला दोष देण्याआधी माउंटिंग बघून घेतलं. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, पहिला गिअर, क्लच हलकेच सोडायचा आणि दुसऱ्यानं बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघायचं. बाजूला, समोर नाही. आणि या वेळी गाडीखाली कुणी असता कामा नये. माउंटिंग ठीक निघालं.

रबरं मात्र गेली होती. चार रबरांपैकी मागची दोन ताणून लांबट झालेली, त्यामुळे डबा बोटभर खाली आला होता आणि पाईपची कमानही त्याच्याबरोबर. नवा सेट, जुनी रबरं. साताऱ्यातच नव्हे, सगळीकडे हीच कंजुषी चालते. भावाला टणक पॉलियुरेथेनची हवी होती. मिस्त्रींनी साधी रबरं लावली. टणक रबरानं पाईप कमी हलतो हे खरं, पण सगळी थरथर बॉडीत उतरते आणि हायवेला गाडी आतून घुमायला लागते.

आता दुरुस्ती. ठोकून पाईप चेपायचा मोह भावाला झाला होता. कंपन्याही कधी कधी पाईप चपटा करतात, पण साच्यात घालून, मोजून. हातोडीनं चेपला की धुराची वाट अरुंद होते, आणि ज्या जागी घडी पडली ती जागा पुढे तडकते.

मिस्त्रींनी सगळे क्लॅम्प आणि नट ढिले केले. सगळे. मग पुढून सुरुवात करून, एकेक जोड हातानं फिरवून पाईप त्याच्या मनाप्रमाणे बसू दिला आणि पुढून मागे असंच आवळत आणलं. घट्ट आवळलेला जोड मध्येच ओढून सरळ करायला गेलात तर एका जागची अडचण दुसऱ्या जागी जाते, बाकी काही होत नाही. नवी रबरं लावताना ती मुद्दाम थोडी पुढे झुकलेली ठेवली. पाईप तापून मागे सरकला की तीच रबरं सरळ लोंबतात.

एवढ्यानं ६ मिलिमीटर मिळाले. अजून हवे होते. कमानीच्या अलीकडे खडूनं खूण केली, पाईप गाडीवरून उतरवला. पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर आहे, तेव्हा वेल्डिंग गाडीवर नाहीच. टेबलावर कापून, पाचरीसारखा एक तुकडा घालून, आर्गॉन वेल्डिंगनं सांधला. कमान उंच झाली. वर किती उंच जायचं यालाही मर्यादा होती, कारण तिथं हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी आहे. धातूला धातू लागला तर आवाज येतो, रबराला गरम पाईप लागला तर आवाजही येत नाही. केबलच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला, पाईपपासून फट ठेवून. पाईपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली नाही. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात ती पट्टी ओली राहते आणि तिच्याआड स्टेनलेससुद्धा गंजू शकतं.

[हात. राखाडी मातीचा गोळा.]

ही शाडूची माती. पलीकडच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, तिथून मागून आणली. सुपारीएवढा गोळा ॲक्सलवर, कमानीच्या बरोबर खाली चिकटवला. माती वाळायच्या आत गाडी, पोत्यांसकट, एमआयडीसीतल्या स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारून आली. लगेच खड्ड्यावर. पाईपनं गोळा दाबला होता, पण उरलेली जाडी होती ९ मिलिमीटर. गार पाईपला. तापल्यावर तो मागे सरकेल, त्यासाठी ॲक्सलच्या पुढच्या बाजूला वेगळा गोळा लावला होता. तिथं १६ राहिले. दहा मिलिमीटर वाढीला पुरतात.

मग पोती उतरवून त्यांच्या जागी माणसं बसली. यवतेश्वर चढून, कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन परत. वर गाडी थांबवताना भावानं वाळलेल्या गवतावर लावली नाही, डांबरावरच लावली. तापलेल्या कन्व्हर्टरखालचं गवत पेट घेऊ शकतं. परत आल्यावर पाईप गरम असतानाच एकदा फट बघितली, गार झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा आवळायला बोलावलंय.

[पुन्हा अंधार. घाट. इंजिनाचा आवाज, गिअर बदलल्याचा आवाज, मागे कुणीतरी डबा उघडतंय.]

उरलेली माती कारखान्यात परत गेली. दाबलेला तो गोळा मात्र मिस्त्रींनी गॅरेजच्या खिडकीत ठेवलाय. वाळून पांढरा झालाय. एका बाजूला पाईपचा वळसा उमटलाय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या अंगठ्याचा ठसा.