कानबाईचे रोट आणि पाळीची गोळी

[दृश्य : गहू निवडणाऱ्या बायका, मग मेडिकलचं काउंटर]

नागपंचमी झाली. येत्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसणार. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू निवडला जातोय, आणि इकडे मेडिकलवर हळू आवाजात मागणी होते : पाळी पुढे ढकलायची गोळी.

[दृश्य : सोनोग्राफीचा पडदा]

हे अंडाशय. त्यातले काळे गोल म्हणजे फॉलिकल, स्त्रीबीज सांभाळणाऱ्या पाणीभरल्या पिशव्या. पाळी सुरू होताना मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच हे हार्मोन चढतं आणि अशा अनेक पिशव्या एकदम वाढीला लागतात. आठवडाभरात एक पुढे निघते. तिच्यातून सुटणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनमुळे एफएसएच उतरतं आणि बाकीच्या तिथेच सुकतात.

आता हा बारावा दिवस. कर्सर या कडेपासून त्या कडेपर्यंत : 18 मिलिमीटर. वाढ रोज साधारण 2 मिलिमीटर. इतके दिवस पिट्यूटरीला दाबून ठेवणारं इस्ट्रोजेन सलग दोनेक दिवस चढं राहिलं, की उलटं वागतं. पिट्यूटरीचं दुसरं हार्मोन, एलएच, उसळतं. उसळी सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांत फॉलिकल फुटतं. पुढच्या चित्रात बघा, गोल आक्रसलाय, मागे थोडं पाणी दिसतंय.

फुटलेल्या पिशवीचा पीतपिंड होतो. तो साधारण 14 दिवस प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडतो, त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. गर्भ राहिला नाही की पीतपिंड सुकतो, अस्तर सुटतं. 35 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. बीज फुटलं का हे बघायला तिचं प्रोजेस्टेरॉन रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी तपासलं तर कमीच येणार, आणि ‘बीज फुटत नाही’ असा शिक्का बसणार. तपासणी अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी हवी.

[दृश्य : गोळ्यांचं पाकीट, जवळून]

ही नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम. प्रोजेस्टेरॉनची बदली. पाळीच्या तारखेआधी तीन दिवसांपासून, सहसा दिवसातून तीनदा. पीतपिंड सुकला तरी अस्तर धरून राहतं. बीज आधीच फुटून गेलेलं असतं, म्हणून हिने गर्भ टळत नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर घेऊन पाळी लांबत नाही.

कानबाईला काय चालतं, ते ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. गोळीचं डॉक्टरांनी ठरवावं : पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, लिव्हरचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असेल तर ही चालत नाही. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटला तरी आली नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी.