उन्हाळा न आलेलं साल

[दृश्य: अलास्काचा वायव्य भाग. विरळ, बुटकी स्प्रूसची झाडं. त्यांच्या पलीकडे झाड नाही, नुसता उघडा माळ.]

आपल्याकडे जुन्या माणसांना साल विचारलं की ती घटना सांगतात. "प्लेगच्या साथीत आजोबा गेले." "दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तेव्हा थोरला पोटात होता." अलास्कातल्या सीवर्ड द्वीपकल्पावरच्या इनुपियाट लोकांमध्येही असंच एक साल तोंडातोंडी पुढे आलं आहे. उन्हाळा आलाच नाही, ते साल.

गोष्ट अशी सांगतात. त्या वर्षी बर्फ वितळलं, पक्षी परतले, सगळं नेहमीसारखं सुरू झालं. आणि जून सरता सरता थंडी उलटून आली. पाणी गोठलं. मासे सुकवून ठेवायचे, शिकार करून हिवाळ्याची बेगमी करायची, ते दिवसच हातातून गेले. पुढच्या हिवाळ्यात वस्त्याच्या वस्त्या उपासमारीनं संपल्या. जी थोडी माणसं तगली, त्यांनी ही गोष्ट नातवंडांना सांगितली.

हे कधी घडलं? गोष्टीत साल नाही. ते शोधायला झाडांकडे जावं लागतं.

[दृश्य: खोडावर दाबून धरलेलं गिरमिट. दोन्ही हातांनी दांडा फिरवला जातो.]

हे पोकळ गिरमिट. झाड तोडायचं नाही. छातीच्या उंचीवर गिरमिट लावायचं आणि गाभ्याच्या दिशेनं फिरवत न्यायचं. लाकूड करकरतं, राळेचा वास सुटतो. मग आतून एक कांडी बाहेर येते, पेन्सिलीपेक्षाही बारीक, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची. ती कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉमध्ये जपून ठेवतात, नाहीतर तुटते. झाडाला पडलेलं भोक झाड स्वतःच राळेनं बुजवून टाकतं.

प्रयोगशाळेत ही कांडी लाकडी पट्टीवर चिकटवायची आणि पॉलिश पेपरनं घासायची. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वेगळ्या दिसू लागेपर्यंत हे काम सोडायचं नाही. घाईनं घासलेल्या कांडीत एखादं वलय नजरेतून सुटतं, आणि एक वलय सुटलं की मागचा सगळा हिशेब एका वर्षानं चुकतो. इथल्या झाडांची वलयं इतकी दाट असतात की कित्येकदा एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन वर्षं बसलेली असतात.

[दृश्य: वलयांचं मोठं करून दाखवलेलं चित्र. फिकट पट्टी, गडद पट्टी, पुन्हा फिकट.]

आता हे एकच वलय पाहा. फिकट भाग उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. तेव्हा झाड मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी बनवतं, कारण त्याला पाणी वर खेचायचं असतं. गडद कड उन्हाळ्याच्या शेवटाची. तिथल्या पेशी लहान आणि जाड भिंतींच्या. ही भिंत भरायला ऊब लागते. दिवस उबदार राहिले तर भिंत जाड होते, लाकूड घट्ट होतं. थंडी लवकर आली तर भिंत अर्धवटच राहते.

म्हणून उत्तरेच्या जंगलाला इतकं महत्त्व. आपल्या आंब्याच्या खोडात वर्षं सरळ मोजता येत नाहीत. सागात येतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वलयांवरून पावसाचा माग काढला आहे. उत्तरेत, झाडं जिथे संपतात त्या सीमेवर, पाणी सहसा पुरेसं असतं. तुटवडा असतो उबेचा. त्यामुळे तिथलं झाड मुख्यतः तापमान लिहून ठेवतं.

गडद कडेचं लाकूड किती घट्ट आहे, म्हणजे त्याची घनता, हे मोजण्यासाठी लाकडाच्या पातळ चकतीतून क्ष-किरण सोडतात. स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ श्वाईनग्रुबर यांनी उत्तर गोलार्धातल्या शेकडो जंगलांतून असे नमुने जमवले. त्या साठ्यावरून कीथ ब्रिफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली गेल्या सहाशे वर्षांतले उन्हाळे मांडले. सगळ्यांत थंड उन्हाळा निघाला १६०१चा. त्याआधी, फेब्रुवारी १६०० मध्ये, पेरूमधला वायनापुतिना ज्वालामुखी फुटला होता. आणि १६०१ पासून रशियात पिकं बुडाली, तीन वर्षं भीषण दुष्काळ पडला. बर्फाळ जंगलातल्या फिकट कडेमागे किती चुली विझल्या असतील, याचा विचार करून मी त्या आलेखापाशी बराच वेळ थांबले होते.

झाडाचं आयुष्य संपलं तरी नोंद संपत नाही. स्वीडनच्या उत्तरेला तोर्नेत्रेस्क सरोवराच्या परिसरात पाइनची मेलेली खोडं हजारो वर्षं टिकून आहेत, काही थंड, प्राणवायू नसलेल्या गाळात बुडून. जिवंत झाडाची सुरुवातीची वलयं आणि मेलेल्या झाडाची शेवटची वलयं, फाटलेल्या पावतीचे दोन तुकडे जुळवावेत तशी जुळवायची. रुंद, अरुंद, अरुंद, रुंद. असं जुळवत जुळवत तिथे सुमारे ७४०० वर्षांची सलग माळ तयार झाली आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडच्या काही जंगलांत तापमापक वर गेला, आणि लाकडाची घनता त्याच्याबरोबर चढली नाही. ब्रिफा यांनीच हे ठळकपणे दाखवलं. कारणांवर आजही काम चालू आहे. म्हणून एका झाडावर, एका डोंगरावर कुणी भिस्त ठेवत नाही.

[दृश्य: काळा लाव्हा, त्यावर हिरवट शेवाळ. विवरांची लांबच लांब रांग.]

८ जून १७८३. आइसलँडमध्ये लाकी इथे जमीन उभी चिरली. २७ किलोमीटर लांबीची भेग, तिच्यावर शंभराहून अधिक विवरं. उद्रेक आठ महिने चालला. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. गवतावर विष बसलं, गुरंमेंढरं मेली, आणि पाठोपाठ आइसलँडमधली पाचातली जवळजवळ एक व्यक्ती दगावली. युरोपभर त्या उन्हाळ्यात कोरडं धुकं पसरलं होतं. गंधकाच्या त्या धुरक्यानं सूर्याची ऊब अडवली.

त्याचे धागे आपल्यापर्यंत येतात. उत्तरेकडची जमीन नीट तापली नाही, तर मान्सूनला ओढून घेणारा जोर कमी पडतो. संगणकीय प्रतिमानांत लाकीनंतर आफ्रिकेचा आणि भारताचा मान्सून दुबळा झालेला दिसतो. १७८३ मध्ये नाईलचा पूर खरोखरच तोकडा पडला. त्याच सुमारास उत्तर भारतात 'चालिसा' दुष्काळ पडला, विक्रम संवत १८४० वरून त्याचं नाव. महादजी शिंदे १७८४ साली दिल्लीच्या कारभारात शिरले, तेव्हा तो मुलूख या दुष्काळानं पिळून निघालेला होता. दुष्काळाला एकच कारण नसतं, त्यामुळे सगळा दोष लाकीवर टाकणं मला पटत नाही. पण सालं इतकी जवळ आलेली पाहून अंगावर काटा येतो.

[दृश्य: पुन्हा अलास्का. संध्याकाळचा तिरपा प्रकाश, स्प्रूसच्या लांब सावल्या.]

न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेचे गॉर्डन जेकबी आणि रोझॅन डॅरिगो वायव्य अलास्कातल्या पांढऱ्या स्प्रूसचा अभ्यास करत होते. १७८३च्या वलयाची रुंदी पाहिली तर नजर ठरावी असं काही नाही. घनता मात्र तळाला गेलेली. शेकडो वर्षांच्या त्या नोंदीत वेगळं उठून दिसणारं फिकट वलय. १९९९ मध्ये कॅरन वर्कमन यांच्यासह त्यांनी हे वलय, लाकी आणि उन्हाळा न आल्याची इनुपियाट गोष्ट एकत्र ठेवली. गोष्टीला साल मिळालं.

पुढे ज्युली एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षाचं लाकूड आणखी जवळून पाहिलं. २०२१ मध्ये त्यांनी काम प्रसिद्ध केलं. या वेळी त्यांनी वलयातल्या पेशी एकेक करून मोजल्या.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं १७८३चं वलय. कॅमेरा आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे हळूहळू सरकतो.]

आतल्या कडेपासून सुरुवात करू. पहिल्या पेशी मोठ्या, भरलेल्या, कुठल्याही बऱ्या वर्षासारख्या. पुढच्या रांगाही ठीक. म्हणजे सुरुवातीला ऊब होती. बर्फ वितळलं होतं, पक्षी आले होते. आणि मग अगदी शेवटच्या रांगांत, जिथे भिंती जाड व्हायला हव्यात, तिथे त्या एकाएकी पातळ पडतात. झाडानं भिंत भरायला घेतली होती, ती तशीच राहिली.

बाहेर, त्याच दिवसांत, माणसं मासे सुकवायच्या तयारीत होती.